कानावर पडणारी राज्यघटना

नागरिकशास्त्र हा वीस गुणांचा विषय होता त्या काळी राज्यघटनेविषयी मतभेद व्हावेत इतकी तिच्याशी कोणाची ओळखच नव्हती. मूलभूत हक्क पाठ करावेत, मार्गदर्शक तत्त्वे पर्यायी प्रश्नात सोडून द्यावीत आणि परीक्षा संपली की पुस्तक रद्दीत घालावे, असा आमचा शिरस्ता. आज चित्र पालटले आहे. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या गाडीत कानांत इवलीशी यंत्रे घालून बसलेला आमचा तरुण अनुच्छेद २५, अनुच्छेद ३०, मूलभूत संरचनेचा सिद्धांत असे शब्द सहजगत्या उच्चारतो. हे ज्ञान त्याला पुस्तकातून मिळालेले नसते. पॉडकास्ट नावाचे जे ध्वनिकार्यक्रम मोबाइलवर हवे तेव्हा ऐकता येतात, त्यांतून ते त्याच्या कानी पडलेले असते.

या बदलाचे मला मनापासून कौतुक आहे. धर्मग्रामातील युवक अशा कार्यक्रमांचे दुवे मला पाठवीत असतात आणि संध्याकाळच्या फेरफटक्यात मी ते ऐकतो. काही वक्ते खरोखर विद्वान असतात. परंतु दहा-बारा कार्यक्रम ऐकल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. वक्त्याचा राजकीय कल कोणता, हे पहिल्या पाच मिनिटांत कळते. आणि एकदा ते कळले की पुढील तासाभरात तो कोणता निकाल सांगणार व कोणता गाळणार, याचा अंदाज सहसा चुकत नाही. येथे असत्य फारसे नसते. तारखा बरोबर असतात, न्यायमूर्तींची नावे बरोबर असतात. निवड मात्र अशी केलेली असते की ऐकणारा निघताना बरोबर तेथेच पोहोचतो, जेथे वक्ता आधीपासून उभा होता.

सेमिनरीत आम्हांला धर्मसभेची कायदेसंहिता शिकवली जाई. तिच्या सतराव्या कलमात नियम सांगितला आहे की, कायद्यातील शब्दांचा अर्थ मजकूर आणि संदर्भ या दोहोंच्या आधारे लावावा. तो नियम तेव्हा रुक्ष वाटे. पॉडकास्ट ऐकू लागल्यापासून त्याची गोडी कळू लागली आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने बळजबरीच्या धर्मांतराविरुद्धच्या कायद्याचा विचार करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर या विषयावरील कार्यक्रमांचा आमच्या मोबाइलवर पाऊस पडू लागला. त्या सर्वांत एक नाव हमखास येई : रेव्हरंड स्टॅनिस्लॉस. मध्य प्रदेशाचा १९६८ चा आणि ओरिसाचा १९६७ चा असे दोन धर्मस्वातंत्र्य कायदे होते. ओरिसाच्या उच्च न्यायालयाने आपल्या राज्याचा कायदा अवैध ठरवला, मध्य प्रदेशाच्या उच्च न्यायालयाने आपल्या राज्याचा वैध ठरवला, आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १७ जानेवारी १९७७ रोजी, आणीबाणी अद्याप उठली नव्हती तेव्हा, सरन्यायाधीश अजितनाथ राय यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने दोन्ही कायदे वैध ठरवले. धर्माचा प्रचार करणे म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे उलगडून सांगणे. दुसऱ्या माणसाचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही, असे त्या निकालाचे सार.

एका कार्यक्रमातील निवेदक येथवर आला आणि थांबला. 'म्हणजे सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे,' असे म्हणून त्याने विषय मिटवला. ते कायदे बळजबरी, फसवणूक आणि आमिष यांविरुद्ध होते, आणि स्वेच्छेने धर्म स्वीकारणाऱ्या व्यक्तीचा हक्क न्यायालयाने नाकारलेला नाही, हे त्याने सांगितले नाही. दुसरा कार्यक्रम आपल्याच समाजातील बंधूंचा. त्यांचा आवाज मला आवडतो, तळमळही खरी आहे. त्यांनी घटना समितीतील चर्चेचा हवाला देऊन निकाल चुकीचा ठरवला. परंतु त्यांच्या बोलण्यातून असा समज व्हावा की प्रचाराचा हक्क त्या सभागृहाने एकमुखाने आपल्या हाती ठेवला. तसे झालेले नाही. डिसेंबर १९४८ मधील चर्चेत लोकनाथ मिश्र यांनी त्या तरतुदीवर कडाडून हल्ला चढवला होता. तजम्मुल हुसेन यांनाही 'प्रचार' हा शब्द नको होता. आणि शब्दाच्या बाजूने उभे राहिले ते कोण? टी. टी. कृष्णम्माचारी म्हणाले की, आपण सुमारे चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण आपले धर्मांतर करण्याचा प्रयत्न कोणी केला नाही. भारतीय विद्या भवनाचे संस्थापक कन्हैयालाल मुनशी यांनी, हा शब्द अल्पसंख्याकांशी झालेल्या समझोत्याचा भाग असून तो पाळलाच पाहिजे, अशी भूमिका घेतली. जेरोम डिसोझा हे येशूसंघीय धर्मगुरू त्या सभेचे सदस्य होते हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. पण आपल्या हक्कासाठी मुनशी उभे राहिले, हे सांगताना आपली जीभ का अडखळते? ते नाव आजच्या आपल्या राजकीय नकाशात सोयीचे बसत नाही म्हणून?

हे सारे केवळ विद्वत्तेचे वाद राहिले असते तर मी लेखणी उचलली नसती. त्याच प्रायश्चित्तकाळात आमच्याकडे एक परिचारिका स्नानसंस्काराची तयारी करीत होती. दोन वर्षे ती रविवारच्या मिस्साला येत होती. कोणी बोलावले नव्हते. रात्रपाळीतील एका सहकारी भगिनीची प्रार्थना पाहून आली होती. पास्काच्या जागरणविधीत तिचा स्नानसंस्कार व्हायचा होता. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत एक ज्येष्ठ सदस्य उभे राहिले. अत्यंत सरळ मनाचा माणूस. त्यांनी पहिला कार्यक्रम ऐकला होता. 'फादर, हे बेकायदा आहे. संपूर्ण धर्मग्राम अडचणीत येईल. तिला नाही म्हणा.' त्यावर युवक संघाचा प्रतिनिधी उसळला. त्याने दुसरा कार्यक्रम ऐकला होता. हा आपला मूलभूत हक्क आहे, आपण फलक घेऊन रस्त्यावर उतरले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. अर्धा तास दोघेही तिच्याविषयी बोलत होते. ती बाहेर व्हरांड्यात बसली होती, आणि तिला आत बोलवावे असे दोघांपैकी एकालाही सुचले नाही.

पुढच्या रविवारी मी तिघांनाही बसवले आणि तो निकाल काढला. तो फार लांबलचक नाही. दुपारच्या चहापासून सांजप्रार्थनेपर्यंत परिच्छेदागणिक वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगत गेलो. मध्येच तिने विचारले, 'फादर, यात तुमचा हक्क कोणता आणि माझा कोणता?'

मी ऐकलेल्या एकाही कार्यक्रमात हा प्रश्न विचारला गेला नव्हता. अनुच्छेद २५ मध्ये प्रचाराचा हक्क आहे, पण त्याआधी सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे. प्रचार मी करतो; सद्सद्विवेक तिचा. न्यायालयाने माझ्या हक्काला जी मर्यादा घातली, ती याच आधारावर की तिचे स्वातंत्र्य माझ्याइतकेच आहे. निकालाचा हा धागा आपल्या मंडळींना कडू लागतो. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात श्रद्धेचा प्रसार करताना बळजबरी व अप्रामाणिक मनधरणी यांपासून दूर राहावे, गरीब व अशिक्षित यांच्या बाबतीत तर विशेषच, असे आपल्याला बजावले आहे. म्हणजे १९७७ च्या निकालाच्या अकरा वर्षे आधी धर्मसभेने स्वतःच ती रेघ ओढली होती. निकालावर टीका करायची तर ती दुसऱ्या ठिकाणी करावी. ज्या सद्सद्विवेकाच्या नावाने माझा हात धरला, त्याच सद्सद्विवेकाची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला का द्यावी लागावी, हा खरा प्रश्न आहे. हिमाचल प्रदेशाच्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये त्या राज्याच्या कायद्यातील पूर्वसूचनेची अट याच विचाराने रद्द केली : आपली श्रद्धा स्वतःपाशी ठेवण्याचाही माणसाला हक्क आहे. हा निकाल पहिल्या निवेदकाने सांगितला नाही हे समजू शकते. दुसऱ्यानेही सांगितला नाही, याचे नवल वाटते.

असो. त्या भगिनीने अखेर थांबायचे ठरवले. महाराष्ट्रात त्या वेळी असा कायदा नव्हता. कायद्याच्या भीतीने ती थांबली नाही. गावी तिच्या आईला कोणीतरी तोच पहिला कार्यक्रम ऐकवला होता आणि मुलीला तुरुंगात टाकतील या धास्तीने त्या माउलीने अंथरूण धरले होते. 'आईची समजूत घालते, मग येते,' ती म्हणाली. आजही ती दर रविवारी चौथ्या बाकावर बसते आणि ख्रिस्तशरीर घेण्यासाठी रांग लागली की बाजूला सरून इतरांना वाट देते.

समान नागरी कायद्याविषयीच्या कार्यक्रमांतही हेच. जुलै २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा कायदा अद्याप झालेला नाही याविषयी खेद व्यक्त केला, हे एका बाजूचे निवेदक आवर्जून सांगतात. खटला कोणाचा होता? केरळातील जॉन वल्लमट्टम या कॅथलिक धर्मगुरूंचा! भारतीय वारसा कायद्याच्या ११८ व्या कलमानुसार, जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मकार्यासाठी संपत्ती ठेवायची असेल तर मृत्यूपूर्वी किमान बारा महिने मृत्युपत्र करून ते ठरावीक मुदतीत शासकीय ठिकाणी जमा करावे लागे. मृत्युशय्येशी बसलेला पाद्री काय काय लिहून घेईल, या जुन्या इंग्रजी संशयातून आलेला हा नियम. (संशय अगदीच निराधार होता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.) हिंदूंना ही अट नव्हती, आम्हांला होती. न्यायालयाने ती रद्द केली. एका बाजूचे निवेदक खेदाचे वाक्य उचलतात आणि खटला गाळतात. आपल्या बाजूचे निवेदक ते वाक्य टाळता यावे म्हणून खटल्यालाच हात लावत नाहीत. ख्रिस्ती नागरिकाला समानता मिळवून देणारा निकाल अशा रीतीने आपल्याच घरांत अपरिचित राहिला आहे.

'धर्मनिरपेक्ष' हा शब्द उद्देशिकेत १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने आला, हे खरे. प्रा. के. टी. शहा यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये तो शब्द पहिल्या अनुच्छेदात घालण्याची सूचना केली होती आणि डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला, हेही खरे. परंतु त्या सूचनेत 'समाजवादी' हाही शब्द होता आणि बाबासाहेबांचा मुख्य युक्तिवाद त्यावर होता : समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे पुढच्या पिढ्यांनी ठरवायचे आहे, ते घटनेने बांधून टाकू नये. ते भाषण सभेच्या छापील कामकाजात आहे. वाचायला दहा मिनिटे लागत नाहीत.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या एका कुटुंबातील मुलगी कायदा शिकते. तिने तिकडचे दोन कार्यक्रम मला ऐकायला लावले : 'स्ट्रिक्ट स्क्रुटिनी' हा उदारमतवादी प्राध्यापिकांचा आणि 'ॲडव्हायझरी ओपिनियन्स' हा परंपरावादी वळणाचा. २४ जून २०२२ रोजी तेथील न्यायालयाने गर्भपाताविषयीचा १९७३ चा निर्णय फिरवला, त्या संबंधाने आपल्याला त्यांत रस असणार हे उघड आहे. पक्षपात तेथेही आहे, किंबहुना अधिक ठळक आहे. पण तो दारावरच्या पाटीसारखा बाहेर लावलेला असतो. श्रोत्याला माहीत असते की आपण कोणाच्या ओसरीवर बसलो आहोत. आमच्याकडचा निवेदक मात्र 'मी फक्त घटना सांगतो' अशी प्रस्तावना करतो, आणि त्या वाक्यानंतर मी थोडा सावरून बसतो.

आता आमच्या सभागृहात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिस्सानंतर तासभर वाचन चालते. शासनाने प्रसिद्ध केलेली 'भारताचे संविधान' ही मराठी प्रत आहे. काही निकालांचे मराठी अनुवाद सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांची सुनावणी थेट पाहता येते, तीही एकदा लावली होती. ती फारच संथ असते, दोघे झोपी गेले. पॉडकास्ट बंद करा असे मी कोणाला सांगितलेले नाही. ज्याने कार्यक्रम ऐकला असेल त्याने त्यात उल्लेखिलेला अनुच्छेद उभे राहून मोठ्याने वाचायचा, एवढीच रीत ठेवली आहे. गेल्या खेपेस कौन्सिलचे ते ज्येष्ठ सदस्य अनुच्छेद ३० वाचायला उभे राहिले. युवक संघाचा प्रतिनिधी त्यांना मध्येच अडवून म्हणाला, 'काका, कंसातलेही वाचा.' काकांनी चष्मा सारखा केला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.