सेवेची नोंद कोठे करावी?

सत्कार हा आपल्या समाजजीवनाचा जुना भाग आहे. पंचकल्याणक पूजा असो, वसतिगृहाचा वर्धापनदिन असो वा चातुर्मासाची सांगता असो. शाल, श्रीफळ आणि हार यांवाचून कार्यक्रम पुरा झाल्यासारखा वाटत नाही. त्यातही दात्याचा बहुमान कसा करावा याची रीत ठरून गेलेली आहे. रक्कम पावतीवर येते, पावती खतावणीत जाते आणि रक्कम मोठी असल्यास नाव संगमरवरावर कोरले जाते. ज्याने पैसा नव्हे, तर आयुष्यातील रविवार दिले, त्याची नोंद मात्र कोठे करावी, हे आपल्याला अजून नीटसे उमगलेले नाही. बँकेच्या नोकरीत जन्म नोंदी करण्यात गेल्यामुळे असेल, पण हा प्रश्न माझ्या मनात बराच काळ आहे. आणि तो सर्वाधिक तीव्रतेने जाणवला, तो मुलीकडे अमेरिकेत झालेल्या दोन दीर्घ मुक्कामांत.

तेथील जैन समाजाची घडण समजून घेतल्याखेरीज या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येणार नाही. वीरचंद राघवजी गांधी १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेस गेले, हे आपण अभिमानाने सांगतो; परंतु कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने स्थिरावू लागली ती १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर. बोस्टनचे जैन केंद्र १९७३ मध्ये स्थापन झाले. अशा केंद्रांना एकत्र आणणारा ‘जैना’ हा महासंघ १९८१ मध्ये उभा राहिला आणि त्याचे अधिवेशन दर दोन वर्षांनी भरते. हे सर्व नोकरी-व्यवसाय सांभाळून, शनिवार-रविवारच्या वेळात घडले.

आपल्याकडे धर्मजीवनाचा कणा म्हणजे साधू-साध्वींचा विहार. वाहनत्यागाच्या नियमामुळे समुद्रापलीकडे हा आधार सहसा पोहोचत नाही. आचार्य सुशीलकुमारजी १९७५ मध्ये विमानाने पश्चिमेकडे गेले, तेव्हा समाजात मोठा वाद झाला. तेरापंथात १९८० मध्ये समणी श्रेणी सुरू झाली आणि परदेशप्रवासाची एक वाट मोकळी झाली. तरीही वर्षातील बहुतेक दिवस तेथील केंद्र गृहस्थांच्याच खांद्यावर उभे असते. काही ठिकाणी पगारी पुजारी असतो; बाकी पाठशाळेचे शिक्षक, हिशेबनीस, स्वयंपाकी, बर्फ उपसणारे आणि जोडे नीट लावणारे, सारे स्वयंसेवकच. श्वेतांबर आणि दिगंबर एका छपराखाली नांदतात, त्यामुळे पर्युषणाचे आठ आणि दशलक्षणाचे दहा असे अठरा दिवस ओळीने पार पाडावे लागतात. स्वयंसेवक थांबला, तर मंदिराचे दारच उघडणार नाही.

या श्रमांचा हिशेब तेथील कायदा कसा करतो, हे मी कुतूहलाने पाहिले. सेवेसाठी स्वतःची मोटार वापरली, तर करदात्याला मैलामागे १४ सेंट वजावट मागता येते. परंतु दिलेल्या वेळेचे मूल्य वजावटीस पात्र नसते. संस्थेच्या लेखापुस्तकांतही विशेष कौशल्याची, एरवी विकत घ्यावी लागली असती अशी सेवा अटींसह दाखवता येते. म्हणजे वीजतंत्रज्ञाने फुकट करून दिलेले काम पुस्तकात येऊ शकते. तीस वर्षे भाजी चिरणाऱ्या हातांना तेथे रकाना नाही. बिगर-नफा संस्थांच्या वार्षिक विवरणपत्रात स्वयंसेवकांची संख्या विचारलेली असते खरी, पण ती अंदाजाने लिहिली तरी चालते!

यावर उपाय म्हणून तासांची मोजणी आली. २००३ मध्ये तेथे राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा स्वयंसेवा पुरस्कार सुरू झाला. प्रौढ व्यक्तीने वर्षात ५०० तास दिले की सुवर्णश्रेणी आणि आयुष्यभरात ४,००० तास झाले की जीवनगौरव मिळत असे. भारतीय मंडळांनीही आपल्या मुलांची नावे त्यासाठी उत्साहाने पाठवली. मोजणीला मी नावे ठेवणार नाही. मोजलेले निदान विसरले तरी जात नाही. परंतु तास सारखे नसतात. फलक धरून उभे राहण्याचा एक तास आणि आजारी सहकाऱ्याच्या जागी पहाटे येऊन चूल पेटवण्याचा एक तास, दोन्ही तक्त्यावर ‘एक’च दिसतात.

आपल्या परंपरेत या बाबतीत सूक्ष्म विचार झालेला आहे. सहा आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याची, म्हणजे सेवेची, गणना आहे. तप म्हटल्यावर त्याचे मोल मागण्याचा प्रश्न उरत नाही आणि गुप्तदानाचे महत्त्वही आपण जाणतो. मग सत्कार कशासाठी? याचे उत्तर अनुमोदनेत आहे. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे, या तिन्हींचे फळ आपण मानतो. सेवकाला हाराची गरज नसेल. पण समाजाला अनुमोदनेची गरज असते, कारण जे काम डोळसपणे पाहिले जात नाही, ते पुढे कोणी उचलत नाही.

माझ्या दुसऱ्या मुक्कामात तेथील केंद्राने एका सत्तरी ओलांडलेल्या भगिनींचा सत्कार योजला होता. मूळच्या सोलापूर जिल्ह्यातील या बाईंनी एकतीस वर्षे केंद्राचे स्वयंपाकघर सांभाळले होते. मराठी येणारा मोकळा माणूस म्हणून मानपत्राचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले. माहिती घेण्यासाठी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, “भाऊ, शाली माझ्याकडे तीन आहेत. पुढल्या पर्युषणात डाळ कोण शिजत घालणार, तेवढे त्या मानपत्रात लिहा.”

एवढे बोलून त्यांनी कपाटातून एक जाड वही काढून माझ्या हाती दिली. तीत एकतीस वर्षांचा अनुभव बारीक अक्षरांत उतरला होता. शंभर माणसांना आमटीसाठी डाळ किती, तांदूळ किती. ताटे मांडायला कितीजण हवेत. पाठशाळेची परीक्षा असेल तेव्हा मुले जास्त धरावीत, हिमवृष्टीचा इशारा असेल तर माणसे तीस कमी धरावीत. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली पाहिजेत, म्हणून कोणत्या महिन्यात किती वाजता पंगत बसवायची याचा तक्ताच होता. तेथे जूनमध्ये रात्री आठनंतरही ऊन असते आणि डिसेंबरात साडेचारलाच दिवे लावावे लागतात. कोणाला आयंबील असते, कोणाला उकाळलेले पाणी लागते, हेही लिहिलेले. अडचण एकच होती. वही मराठीत, आणि पुढच्या पिढीतील एकालाही ती वाचता येत नव्हती.

मी समितीपुढे प्रस्ताव ठेवला, की मानपत्र चार ओळींचे असू द्यावे आणि उरलेला वेळ या वहीच्या इंग्रजी भाषांतराला द्यावा. प्रारंभी कुरबूर झाली. “कार्यक्रमात दाखवायचे काय?” असे एक सदस्य म्हणाले. पण तीन तरुण पुढे आले. दोन महिने दर शनिवारी आम्ही बाईंच्या स्वयंपाकघरात बसलो. वहीतील माप होते ‘भांडे’. ते त्यांनी माहेराहून आणलेले स्टीलचे भांडे होते. त्यात २१० ग्रॅम तांदूळ मावतात, हे आम्ही तराजूवर तोलून लिहिले. जे वहीत नव्हते, ते मुलांनी विचारून घेतले. पहिल्या मोठ्या पंगतीला तरुणांची भाजी थोडी खारट झाली. बाई बाहेर श्रोत्यांत बसून राहिल्या, आत गेल्या नाहीत. ते संयमाचे बसणे मला त्यांच्या एकतीस वर्षांइतकेच मोठे वाटले. समारंभात त्यांच्या हाती शालीबरोबर त्या इंग्रजी पुस्तिकेची पहिली प्रत दिली गेली, तेव्हा पाने उलटून त्यांनी प्रथम तांदळाचे माप बरोबर आहे ना, ते पाहिले.

अशा सेवेमागे एक घरही असते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातील मुलांसाठी मंगळसूत्रासह आपले दागिने दिले, हे त्याच इतिहासाचे दुसरे पान आहे. त्या सोलापूरच्या बाईंचे यजमान एकतीस वर्षे रविवारी सकाळी स्वतःचा चहा स्वतः करून पिशव्या मोटारीत ठेवत आले. मानपत्राच्या चार ओळींतील एक ओळ मी त्यांच्यासाठी राखली.

परदेशात केंद्रे उभारणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. त्यांच्या गुडघ्यांनी जिने चढणे नाकारले, की त्यांच्याबरोबर कामाची रीतही जाईल. आपल्या गावांतील मंदिरे आणि बोर्डिंगांची स्थिती फार वेगळी नाही. म्हणून सत्कार करणाऱ्या प्रत्येक मंडळाला माझी नम्र विनंती आहे. सत्कार व्यक्ती हिंडती-फिरती असताना करावा. मानपत्रात ‘अमूल्य योगदान’ असे मोघम न लिहिता, नेमके काय केले ते लिहावे. आणि व्यासपीठावर सत्कारमूर्तीच्या शेजारी ते काम उद्यापासून करणाराही उभा करावा. असा कोणी सापडत नसेल, तर हाराची मागणी नोंदवण्याआधी त्याचा शोध घ्यावा.