राब उलट्या वाऱ्याला लावायचा असतो

वसंत ऋतू हा शब्द आमच्या घरात फक्त मुलीच्या पाठ्यपुस्तकात आहे. आई म्हणते, शिमगा झाला. मग पाडवा झाला, मग हिरडा आला, आणि त्यानंतर एकदम आभाळ आलं. या चार मुक्कामांच्या मध्ये जे काही असतं ते सगळं काम. त्याला वेगळं नाव ठेवायला कुणाला सवड नसते.

आमचं गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या रांगेत. खाली घोड नदीवर डिंभे धरणाचं पाणी पसरलेलं, वर अभयारण्याचं रान, आणि मधल्या उतारावर आमची शेती. लहानमोठी चौदा खाचरं मिळून दीड एकर भात, त्याच्या वर नाचणी-वरईचं वरकस, आणि बांधांवर सात हिरडे. २०२०च्या जूनच्या ३ तारखेपर्यंत ते नऊ होते. निसर्ग चक्रीवादळानं त्या दिवशी दोन मुळासकट उपटले.

चाकणच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं कंत्राटावर होतो. दरवर्षी लावणीला चार दिवस आणि कापणीला चार दिवस रजा टाकून गावी यायचो, गुडघाभर चिखलात उभा राहायचो, आणि परत गेल्यावर शिफ्टमधल्या पोरांना 'आमची शेती' म्हणून सांगायचो. गेल्या वर्षी माघात कंत्राट संपलं आणि पुढचं लागेना. त्याच्या आदल्या हंगामात बा हिरड्यावरून घसरला होता. खुब्याचं हाड जुळलं, पण काठी सुटली नाही. तेव्हा फाल्गुन ते वैशाख मी पहिल्यांदाच सलग घरी राहिलो. लावणीला आणि कापणीला येणारा माणूस शेतीला पाहुण्यासारखा येतो, पंगतीच्या वेळी. स्वयंपाक चालू असतो तेव्हा तो घरात नसतोच, हे मला त्या तीन महिन्यांत कळलं.

स्वयंपाक म्हणजे राब. ज्या खाचरात भाताची रोपं करायची, तिथली जमीन आधी भाजून घ्यायची. गवताचं बी जळतं, माती भुसभुशीत होते, राखेचं खत मिळतं. ऐकायला सोपं आहे. पण भाजायला आधी जाळण्याजोगं काहीतरी लागतं, आणि ते सगळं डोंगरावरून डोक्यावर येतं. शेण तर आई दिवाळीपासून साठवत असते. शिमग्याच्या आधी ऐनाची कवळं तोडायची, म्हणजे पानांसकट फांद्या, आणि त्यांचे भारे बांधून आणून वाळत घालायचे. मग रानातला पाचोळा झाडून गोळा करायचा. घर झाडावं तसं रान झाडतात, हे मी लहानपणी पाहिलं होतं. पाठ मात्र मोडली ती आता.

कवळं तोडतानाही आईचे नियम. शेंडा तोडायचा नाही. सगळ्या फांद्या एकाच झाडाच्या घ्यायच्या नाहीत. एका ऐनावर मी चढलो तर खालून ओरडली, "उतर. त्यावर शेकराचं घर हाये." वर पाहिलं तर दोन फांद्यांच्या बेचक्यात काटक्यापानांचा मोठा गोळा. शेकरू हा आपला राज्यप्राणी, त्याच्यासाठी १९८५ साली हे अभयारण्य झालं, वगैरे मला पाठ होतं. आईला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. "त्याचं पोर असंल आत," एवढंच म्हणाली आणि पुढच्या झाडाकडे निघाली.

राब रचण्यालाही रीत आहे. तळाला शेण, त्यावर कवळं, त्यावर पाचोळा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर. मातीमुळे आग धडाडत नाही, दबून राहते, आणि नंतर राख वाऱ्यावर उडून जात नाही. हे करताना मी बोलून गेलो की आता एवढं जाळायची गरज नाही. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री पद्धतीत गादीवाफा करून त्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात. नेरळजवळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांच्या सगुणा पद्धतीत तर लावणीच नाही, गादीवाफ्यावर थेट टोकण. झाडं तोडायला नकोत, शेण जाळायला नको, तेच शेण खत म्हणून घालता येईल. मोबाइलवर दाखवलंही. आईनं शांतपणे पाहिलं. बानं ओट्यावरून विचारलं, "तूस कुठून आणायचं? गिरणी तर खाली हाये." प्रश्न खरा होता. भात खाली नेऊन भरडून आणतो, तूस तिथंच राहतं. ते पोत्यात भरून परत वर आणायला गाडीभाडं पडतं.

शेवटी तह झाला. खालच्या एका तुकड्यात माझा गादीवाफा, बाकी आईचा राब. अजूनही मला वाटतं की बरोबर मीच होतो. शेण जाळणं मनाला पटत नाही. पण ज्या बाईनं चाळीस वर्षं एकदाही रोप कमी पडू दिलं नाही, तिच्याशी वाद घालायला निदान एक पावसाळा पदरी असावा लागतो.

पाडव्यानंतर तीन दिवसांनी राब लावला. लावला म्हणजे मी लावला, आणि चुकीचा. सकाळी वारा खालून वर येत होता. मी खालच्या टोकाला काडी ओढली, का तर तिथून सुरुवात करणं सोयीचं होतं. आग वाऱ्याबरोबर सुटली. मातीचा थर कुठे पातळ होता तिथून ज्वाळा वर आल्या, अर्धवट जळलेला पाचोळा उडाला आणि वरच्या बांधावरच्या वाळल्या गवतात पडला. त्या बांधापलीकडे चुलत्यांची पेंढ्याची गंजी, त्यांच्या तीन जनावरांचा पावसाळ्यापर्यंतचा चारा. त्यापलीकडे रान. या दिवसांत डोंगर कसा पेटतो ते आम्ही दरवर्षी रात्री पाहतो. काळोखात लाल माळ चढत जाते आणि कुणी लावली ते कधी कळत नाही.

मी हंडा आणायला पळालो. आई पळाली नाही. तिनं करवंदीच्या जाळीची ओली फांदी मोडली, काट्यांसकट, आणि गवत झोडपायला लागली. काकू आल्या, त्यांची सून आली, शाळेतून दोन पोरं आली. पंधरा मिनिटांत विझलं. गंजीपासून आठ-दहा पावलांवर.

काकू मला काहीच बोलल्या नाहीत, हेच जास्त लागलं. आईनं मला वरच्या टोकाला नेलं. "हितून लावायची. वारा तिकडून येतोय ना? आग त्याच्या तोंडावर जाऊ दे. वाऱ्यासंगं गेली तर पळती, नुसता वरचा पाला जाळती, माती तशीच. उलट्या वाऱ्याला रेंगाळती. रेंगाळली म्हंजे माती भाजती." दुसरा तुकडा मी तसाच लावला. खरंच, आग बोटभर बोटभर सरकत राहिली. दुपारपर्यंत धूर निघत होता आणि आम्ही दोघं बांधावर बसून राखण करत होतो. मातीला भाजल्या भाकरीसारखा वास येत होता.

या सगळ्यात फुलं कुठे होती? होती की. पळस फाल्गुनातच होऊन गेला. चैत्रात अंजनी फुलते. तिच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ चिकटलेले असतात. पुण्याहून माणसं गाड्या घेऊन फोटो काढायला येतात. त्यातल्या एकानं मला विचारलं, इथं राहणं किती शांत असेल ना. माझ्या डोक्यावर तेव्हा पाचोळ्याचा भारा होता, मान वळवता येत नव्हती. हो म्हणालो.

पाण्याचंही सांगतो, पण थोडक्यात, कारण ते सगळ्या पश्चिम पट्ट्याला माहीत आहे. डिंभे हे कुकडी प्रकल्पातलं धरण. त्याचं पाणी कालव्यांनी पुणे, नगर आणि सोलापूरच्या शेतांपर्यंत जातं. आमच्या वाडीतल्या बायका चैत्रात ओढ्याच्या कोरड्या पात्रात झिरा उकरून वाटीनं पाणी भरतात. माझी बायको पहाटे चारला नंबर लावायची. वर बसून खालचं निळं पाणी दिसायचं. आईचं माहेर त्याच पाण्याखाली गेलं. वैशाखाकडे पाणी उतरलं की काठाला गाळ उघडा पडतो आणि जुन्या जोत्यांचे दगड दिसतात. आई टेकाडावर उभी राहून बोट दाखवते, "ती आमची पडवी." इतक्या लांबून पडवी ओळखू येणं शक्य नाही. मी "हां" म्हणतो.

राब झाल्यावर ताली. पावसानं ढासळलेले बांधांचे दगड परत रचायचे. हे एका घराचं काम नाही. आमच्याकडे पडकई असते: आज तुमच्या बांधावर चार घरं, उद्या त्यांच्या बांधावर तुम्ही. मजुरी नाही, दुपारचं जेवण ज्याचं शेत त्याचं. नाचणीची भाकर, सुकट आणि कच्च्या करवंदांचा ठेचा. काकूंच्या बांधावर मी तीन दिवस जास्तीचे दिले. त्यांनी मोजले असणार. पहिल्यांदा बोलल्या त्या तिसऱ्या दिवशी: "दगडाचं तोंड आत नको, पाठ आत घाल."

आणि मग हिरडा. शहरात हिरडा म्हणजे त्रिफळ्यातला एक तृतीयांश. आमच्याकडे तो वर्षाचं रोख उत्पन्न आहे. भात घरी खायला लागतो, नाचणीही घरचीच; शाळेची फी, दवाखाना, लग्नाचा आहेर हिरड्यावर निघतो. तेही पिकलेल्या नाही, बाळहिरड्यावर. फळात बी धरायच्या आत, हिरवं कोवळं असतानाच काढायचं. थोडं थांबलात तर चांभारी हिरडा होतो, पूर्ण पिकू दिलात तर सुरवारी. बाळहिरड्याचा हंगाम मात्र गेला. म्हणून चैत्र अर्धा सरला की वाडीत कुणी जमिनीकडे बघून चालत नाही, सगळे वर बघत.

बाच्या झाडावर मी चढलो, ज्यावरून तो घसरला होता त्याच. खाली बायको आणि मुलगी फाटकी लुगडी अंथरून उभ्या. आकडीनं फांदी ओढायची, हलवायची, फळं टपाटप पडतात. वर चढल्यावर कळतं की हिरड्याची फांदी हातात घट्ट वाटते आणि पायाखाली अचानक वाकते. बा ओट्यावरून एकेक फांदी सांगत होता. "डाव्या अंगाची नको. ती पोकळ हाये." त्याला झाड दिसतही नव्हतं, मधे घराचा कोपरा येतो.

मग वाळवण. घरामागच्या खडकावर पसरायचं, दिवसातून दोनदा हलवायचं. हिरवा रंग आधी पिवळट होतो, मग काळपट, मग कोळशासारखा. मूठभर घेऊन वाजवला की खडखड वाजायला हवा. तोवर वजन इतकं उतरतं की पहिल्यांदा पाहणाऱ्याला चोरी झाली असं वाटेल. आमच्या सगळ्यांची बोटं काळी पडली होती. तो डाग साबणानं जात नाही. कारखान्यातल्या जुन्या मुकादमाचा फोन आला, एका ठिकाणी जागा आहे, बघ. मी म्हटलं, महिन्याभरानं येतो, आत्ता हात दाखवण्यासारखे नाहीत. तो हसला. मी थट्टा करत नव्हतो.

भावाचं काय सांगू? व्यापारी मूठ दाबून बघतो, ओल आहे म्हणतो, आणि गोणीमागे वजन कापतो. दरवर्षी तसंच. वादळात झाडं गेली तेव्हा भरपाईसाठी लोकांनी आंदोलनं केली, कारण पंचनाम्याच्या कागदावर भात असतो, नाचणी असते, पण हिरड्याला पीक म्हणून धरायचं की रान म्हणून, इथूनच सुरुवात करावी लागते. ज्या झाडाखाली माझ्या आजोबांनी पोरांची शाळा भागवली, ते आपोआप उगवलं म्हणून शेती नाही!

वैशाखातल्या एका दुपारी अडीचच्या सुमारास भीमाशंकरच्या बाजूनं आभाळ काळं झालं. खडकावर आमचा सहा दिवसांचा हिरडा, आणखी दोन दिवसांत वाजायला लागला असता. भिजला तर बुरशी. वारा आला, मग मातीचा वास, मग पहिले टपोरे थेंब. मी फावड्यानं ओढत होतो, बायको आणि मुलगी घमेल्यांनी भरत होत्या, आई पदरात. काकूंची सून न बोलवता गोणी घेऊन आली. मी मागे वळून पाहिलं तर बा खडकाच्या कडेला आलेला, काठी टाकून गुडघ्यांवर बसलेला, दोन्ही हातांनी हिरडा आत लोटत होता. तो तिथपर्यंत कसा आला ते कुणी पाहिलं नाही. त्याला ओरडायलाही वेळ नव्हता.

दोन-तीन पायल्या भिजला असेल. बाकी घरात आला. मधलं घर, पडवी, देवाच्या फळीखालची जागा, सगळीकडे हिरडा पसरला. पाय ठेवायला जागा उरली नाही. चूल कशीबशी पेटली. रात्री आम्ही सगळे ओट्यावर ओळीनं झोपलो. पाऊस थांबला होता, वळचणीतून ठिबकत होतं, आणि घरातून तो तुरट वास बाहेर येत होता.

अंधारात आई म्हणाली, "राबावर पडला असंल का रं?"

"पडला असेल."

"तुझ्या गादीवरबी?"

"तिथंही."

ती पुढे काही बोलली नाही. थोड्या वेळानं दाराशी खरखर ऐकू आली. बा उंबऱ्यात बसून काठीच्या टोकानं, हात पोचेल तेवढा, हिरडा हलवत होता.