हिशेब बरोबर होता

जानेवारी 1991 ची गोष्ट. बेळगावात एका मुलींच्या वसतिगृहाची मी तेव्हा रेक्टर होते आणि कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. आदल्या ऑगस्टात इराकने कुवेत गिळले, तेलाचे भाव भडकले आणि त्याची झळ आमच्या मेसच्या चुलीपर्यंत आली. गोडेतेल, डाळ, गॅस, सगळेच महागले. वही तुटीत गेली. दोन रात्री जागून मी हिशेब मांडला आणि महिन्याचा दर 210 रुपयांवरून 290 केला. रात्री फळ्यावर सूचना लिहिली आणि समाधानाने झोपले.

सकाळी ताटे वाजत होती. मुली जेवणघरात बसून होत्या, पण कोणी वाढून घेत नव्हते. मी आकडे सांगू लागले तेव्हा बैलहोंगलकडची एक मुलगी उठली. तोडक्या मराठीत म्हणाली, "मेडम, तुम्ही तुमच्या मुलींना आधीच सांगितलात. आम्हाला फळ्यावर, ते पण मराठीत."

मी कुणालाच आधी सांगितले नव्हते. पण सूचना मराठीतच होती हे खरे, आणि निम्म्या मुली कन्नड होत्या हेही खरे. ऐंशी रुपयांचा प्रश्न रातोरात भाषेचा प्रश्न झाला होता.

त्याच आठवड्यात पेपरात एक लहानशी बातमी वाचली. पाने आखाती युद्धाच्या सावटाने भरलेली. आतल्या पानावर, कोपऱ्यात: लिथुआनियाच्या पंतप्रधानांचा राजीनामा, कारण अन्नधान्याची दरवाढ. पंतप्रधान बाई होत्या आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. मी ती बातमी कापून मेसच्या वहीत ठेवली. तेव्हापासून काझिमिरा प्रुन्स्किएने या बाईंबद्दल जे मिळेल ते वाचत आले.

त्यांचा जन्म 1943 चा, पूर्व लिथुआनियातल्या एका खेड्यातला. वडील जंगलखात्यात होते. मुलगी वर्षा-दीड वर्षाची असतानाच सोव्हिएत सुरक्षा दलाच्या हातून ते मारले गेले. त्याच सोव्हिएत राज्यात ती शिकली, विल्निअस विद्यापीठात अर्थशास्त्र घेऊन पुढे तिथेच शिकवू लागली. शेतीच्या अर्थकारणावर काम केले, पक्षातही होती. अशा माणसाच्या मनात दोन वह्या असणार, एक दाखवायची आणि एक आतली. 1988 मध्ये 'सायुदिस' ही चळवळ उभी राहिली तेव्हा ती उभारणाऱ्या पस्तीस जणांत त्या होत्या. आपल्या देशाचा हिशेब आपणच ठेवला पाहिजे, मॉस्कोने नव्हे, हा त्यांचा आग्रह होता.

11 मार्च 1990 ला लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि आठवड्याभरात प्रुन्स्किएने पंतप्रधान झाल्या. जेमतेम सदतीस लाखांचा देश. महिना उलटला आणि 18 एप्रिलला मॉस्कोने तेलाची नळी बंद केली. माझेइकिआइचा तेलशुद्धीकरण कारखाना थांबला, गॅस थोडासाच येऊ लागला. घोषणा मागे घ्या, मग नळी उघडू, असा निरोप. या बाई वॉशिंग्टनला बुशना भेटल्या, लंडनला थॅचरबाईंना भेटल्या. सहानुभूती मिळाली, मान्यता कोणी दिली नाही. पश्चिमेच्या वर्तमानपत्रांनी त्यांना 'अंबर लेडी' म्हटले. अंबर म्हणजे बाल्टिकच्या किनाऱ्यावर सापडणारा मधाच्या रंगाचा राळेचा खडा. शेवटी जूनअखेर संसदेने घोषणेची अंमलबजावणी काही काळ थांबवायचे कबूल केले आणि जुलैच्या सुरुवातीला तेल सुरू झाले. काहींनी याला शहाणपण म्हटले, काहींनी माघार. संसदेचे अध्यक्ष लान्ड्सबर्गिस हे संगीताचे प्राध्यापक. त्यांचे आणि बाईंचे सूर कधी जुळले नाहीत.

मग आला जानेवारी. सोव्हिएत व्यवस्थेत मांस, दूध, पाव यांची विक्रीची किंमत खर्चापेक्षा खाली ठेवलेली असे आणि फरक सरकारी तिजोरी भरे. तिजोरीच रिकामी झाल्यावर दर वाढवण्यावाचून गत्यंतर नव्हते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात चूक काढता येणार नाही. 7 जानेवारी 1991 ला नवे दर लागू झाले. खाण्याच्या वस्तू एकदम तिपटीच्या घरात गेल्या.

दुसऱ्याच दिवशी संसदेसमोर जमाव आला. लिथुआनियात तेव्हा शंभरांत सुमारे नऊ माणसे रशियन आणि सात पोलिश होती. जमाव जमवण्यात पुढाकार होता तो 'येदिन्स्त्वो' या, स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या आणि मुख्यतः रशियन भाषकांच्या संघटनेचा. दुकानातला दर सगळ्यांना एकच होता, पण त्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या भाषेत लावला. लोक दारे फोडून आत घुसू लागले, पाण्याचे फवारे मारावे लागले. संसदेने दरवाढ त्याच दिवशी स्थगित केली. बाई गोर्बाचेव्हना भेटून मॉस्कोहून परतल्या आणि संध्याकाळी त्यांनी राजीनामा दिला. 13 जानेवारीच्या पहाटे विल्निअसच्या टीव्ही मनोऱ्यापाशी सोव्हिएत रणगाडे आले. निःशस्त्र माणसे त्यांच्यासमोर उभी राहिली. चौदा जणांचा बळी गेला.

रणगाडे दरवाढीमुळे आले असे मी म्हणणार नाही. ज्यांना यायचे होते ते निमित्त शोधतच होते. पण असे निमित्त आपल्या वहीतून मिळावे, याचे त्या बाईंना काय वाटले असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

आमच्याकडे रणगाडे नव्हते, ताटे होती. तिसऱ्या दिवशी मी मेसची वही घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. आमच्या स्वयंपाकीण आक्कांनी एकेक रक्कम कन्नडमध्ये मोठ्याने सांगितली, मी मराठीत. बैलहोंगलच्या त्या मुलीला तेलाच्या डब्याचे बिल वाचायला दिले. तासाभराने तिनेच विचारले, "मेडम, दोन टप्प्यांत वाढवला तर?" फेब्रुवारीत चाळीस, एप्रिलपासून चाळीस. तोटा थोडा वाढला, पण ताटे वाजायची थांबली. त्यानंतर फळ्यावरची प्रत्येक सूचना दोन्ही भाषांत लिहिली गेली, आणि लिहिण्याआधी सांगितली गेली.

त्याच वर्षी जुलैत मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्पात खताचे दर चाळीस टक्क्यांनी वाढवले आणि ओरड झाल्यावर तीस टक्क्यांवर आणले. वर्गात मुले हसली, "बाई, माघार घेतली की हो!" मी हसले नाही.

प्रुन्स्किएनेबाईंची पुढची वाट सोपी नव्हती. सोव्हिएत गुप्तचरांशी संबंध असल्याचा ठपका 1992 मध्ये न्यायालयाने ठेवला, पुढे 2003 मध्ये न्यायालयानेच तो दूर केला. 2004 मध्ये त्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या फेरीत थोडक्यात हरल्या. मग चार वर्षे शेतीमंत्री होत्या. लिथुआनियाने पुढेही अर्थतज्ज्ञांनाच वर बसवले. ग्रिबाउस्काइटेबाई 2009 ते 2019 राष्ट्राध्यक्ष होत्या, आणि 2019 मध्ये निवडून आलेले नाउसेदाही बँकेतले अर्थतज्ज्ञ. त्या देशाला आकड्यांचा राग आलेला दिसत नाही.

ते कात्रण आता पिवळे पडले आहे. मेसच्या वहीत त्याच पानावर आहे, जिथे 210 खोडून 290 लिहिले आहे. ते आकडे मी परवा पुन्हा तपासले. बेरीज बरोबर होती. फक्त ती मी एकटीने केली होती.