इष्टदैवत आणि कुलदैवत : एका खेळाच्या निमित्ताने

पात्र आधी की पात्राची श्रद्धा आधी, हा प्रश्न साहित्यविचारात सहसा इतक्या सरळपणे विचारला जात नाही. कादंबरीतील पात्राची श्रद्धा आपण त्याच्या स्वभावाचा एक घटक म्हणून वाचतो आणि पुढे जातो. परंतु ज्या आख्यानप्रकारात पात्र रचणे हीच पहिली कृती असते आणि ती नियमांच्या आधारे, सर्वांसमक्ष केली जाते, तेथे हा प्रश्न टाळता येत नाही. टेबलाभोवती बसून खेळला जाणारा भूमिकाखेळ हा असा आख्यानप्रकार आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला खेळ या प्रकाराचा आरंभ मानला जातो. एक सूत्रधार जग उभे करतो, इतर खेळाडू त्यात एकेका पात्राची भूमिका घेतात आणि जेथे परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे निर्णय देतात. या पात्रांपैकी ‘क्लेरिक’, म्हणजे देवतेच्या सामर्थ्यावर चालणारा धर्मोपासक, येथे विचारासाठी घेतला आहे.

क्लेरिकचा जन्म श्रद्धेतून झाला नाही, गरजेतून झाला. आर्नेसन यांच्या खेळात व्हॅम्पायर झालेले एक पात्र फार प्रबळ झाले होते आणि त्याला आवर घालू शकेल असा प्रतिपक्ष हवा होता. त्यातून जे पात्र आले त्याला आरंभी विशिष्ट देवता नव्हती. तो ‘सुव्यवस्थे’च्या किंवा ‘अनागोंदी’च्या पक्षाचा असे, धारदार शस्त्र वापरत नसे, प्रेतयोनींना परतवून लावी आणि जखमा भरून काढी. व्लादिमीर प्रॉपने लोककथांच्या संदर्भात (१९२८) ज्याला ‘कार्य’ म्हटले, तेवढेच हे होते. कार्य होते, व्यक्ती नव्हती.

पुढचा इतिहास म्हणजे या रिकाम्या जागी देवता येण्याचा इतिहास होय. १९८०च्या ‘डेइटीज अँड डेमीगॉड्स’ या ग्रंथात ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन अशा अनेक दैवतमंडळांबरोबर भारतीय दैवतेही आली. इंद्र आणि काली यांच्या नावापुढे किती आघात सोसण्याची क्षमता आहे, याचे आकडे छापलेले पाहून आपल्या वाचकाला हसू येईल किंवा रागही येईल. मात्र लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. देवता इतक्या असूनही त्यांचे उपासक खेळाच्या दृष्टीने जवळजवळ एकसारखेच राहिले. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीने मंत्रांची सोळा क्षेत्रांत विभागणी केली आणि कोणत्या देवतेच्या उपासकाला कोणती क्षेत्रे खुली, हे ठरवण्याची वाट मोकळी केली. १९९६च्या ‘फेथ्स अँड अवतार्स’मध्ये एकेका देवतेचा स्वतंत्र उपासकवर्ग तपशिलाने रचला गेला. त्याचा वेष, त्याचे सण, त्याची शस्त्रे आणि त्याचे निषेध, सारे काही. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत ही रचना सुटसुटीत झाली. प्रत्येक देवतेकडे काही ‘अधिकारक्षेत्रे’ असतात आणि क्लेरिकने त्यांतील दोन निवडायची. पेलोर या सूर्यदेवतेकडे शिव, आरोग्य, बल आणि सूर्य अशी चार क्षेत्रे आहेत. चारांतून दोन निवडायची म्हणजे एकाच देवतेचे सहा प्रकारचे उपासक संभवतात. आरोग्य आणि सूर्य निवडणारा वैद्याच्या जवळ जातो, बल आणि शिव निवडणारा योद्ध्याच्या. देव एकच, पण त्याच्याकडे पाहण्याचे कोन निराळे.

संरचनावादी परिभाषेत, देवता ही येथे भाषेसारखी आहे आणि क्लेरिक ही त्या भाषेतील उक्ती. उक्तीला अर्थ येतो तो जे निवडले त्याइतकाच जे सोडले त्यामुळे. ही व्यवस्था सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु उक्ती म्हणजे अजून व्यक्ती नव्हे, हे मला कळले ते माझ्या काही पदव्युत्तर विद्यार्थ्यांबरोबर एका पावसाळ्यात हा खेळ काही आठवडे खेळले तेव्हा. एका विद्यार्थिनीने पेलोरची उपासिका रचली होती. एका प्रसंगी तिच्याकडे उपचाराचा एकच मंत्र उरला होता आणि समोर दोघे मरणपंथाला लागलेले होते. एक तिचा सोबती होता, दुसरा शरण आलेला शत्रू. “माझ्या देवाला काय आवडेल?” तिने सूत्रधाराला विचारले. त्याने पुस्तक चाळले आणि प्रामाणिकपणे सांगितले, “यात ते लिहिलेले नाही.” ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने शत्रूला वाचवले. त्या क्षणापर्यंत तिच्यासमोरच्या कागदावर देवतेचे नाव, क्षेत्रे आणि आकडे होते. पात्र त्या क्षणी जन्माला आले. वोल्फगांग इझर संहितेतील ज्या रिक्त जागांविषयी बोलतो त्या येथे नियमपुस्तकाला पडलेल्या असतात आणि त्या भरण्याची जबाबदारी वाचकावर नव्हे, कर्त्यावर येते.

तरीही या व्यवस्थेत मला काहीतरी अनोळखी वाटत राहिले. ते काय, याचे उत्तर माझ्याच भाषेने दिले. मराठीत कुलदैवत, ग्रामदैवत आणि इष्टदैवत असे तीन वेगळे शब्द आहेत. खेळाला यांतील फक्त शेवटचा ठाऊक आहे. माझ्या माहेरी खंडोबा. घरात कार्य झाले की जागरण होई आणि चंपाषष्ठीला वडील तळी भरीत. लग्नानंतर सासरची अंबाबाई माझी कुलदेवता झाली आणि जागरणाच्या जागी गोंधळ आला. भंडार गेला, कुंकू आले. दिमडी गेली, संबळ आले. खेळाच्या भाषेत सांगायचे तर माझी सारी क्षेत्रे एका दिवसात बदलली, आणि निवड माझी नव्हती. मी श्रद्धावान आहे की नाही, हेही कोणी विचारले नाही. कुलदैवताला उपासकाच्या संमतीची गरज नसते. तेथे माणूस दैवत घडवत नाही, दैवत माणसाला एका घराचा, एका वाटेचा, एका वाद्याचा करते. आपल्याकडील वाघ्या, गोंधळी, पोतराज यांची वेषभूषा आणि साधने देवतेनुसार काटेकोर भिन्न आहेत, पण ती कोणी यादीतून उचललेली नाहीत. वाघ्या-मुरळी तर कित्येकदा जन्मापूर्वीच नवसाने ठरत, आणि त्या ठरण्याचे क्रौर्य विसरून या परंपरेचे कौतुक करता येणार नाही. निवडीवर उभ्या असलेल्या या खेळाचे मोल मला त्या बाजूनेही जाणवते.

मात्र निवडीच्या या स्वातंत्र्याबरोबर एक गोष्ट हरवते. तिसऱ्या आवृत्तीतील क्लेरिक दिवसाच्या ठरलेल्या वेळी एक तास प्रार्थना करतो आणि त्याला मंत्र मिळतात. देवाच्या आचारसंहितेचा घोर भंग केला तर ते जातात, प्रायश्चित्त घेतले की परत येतात. म्हणजे देवाचे मौनही तेथे नियमबद्ध आहे. त्याला कारण असते आणि त्यावर उपाय असतो. देव आहे की नाही, हा प्रश्न त्या जगात उद्भवतच नाही, उरते ती केवळ निष्ठा. आता तुकारामांचे विरहाचे आणि भांडणाचे अभंग आठवावेत. तेथे भक्ताकडून कोणता भंग घडला हे कळत नाही, प्रायश्चित्त कोणते हे कोणी सांगत नाही आणि तरीही उत्तर येत नाही. इंद्रायणीकाठी तेरा दिवस धरणे धरल्याची परंपरागत कथा त्या एका तासाशेजारी ठेवली की दोन्ही जगांतील अंतर स्पष्ट होते. निरुत्तर राहिलेली हाक हीच त्या कवितेची भूमी आहे. हाकेला हमखास ओ मिळाली असती तर स्तोत्रे झाली असती, ते अभंग झाले नसते.

या प्रकारातील सर्वच खेळ सारखे नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. ‘रुनक्वेस्ट’ (१९७८) या खेळात आणि त्याच्या ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’ (१९७९) या ग्रंथात पंथाची पुराणकथा आणि समाजातील त्याचे स्थान यांना मध्यवर्ती महत्त्व आहे, आणि दीक्षिताला आपल्या मिळकतीचा व वेळेचा वाटा पंथाला द्यावा लागतो. तेथे उपासक देवतेचा लाभार्थी नसून ऋणी आहे. कुलदैवताच्या कल्पनेच्या तो जरा जवळ येतो. पण तेथेही मौनाला स्थान नाही, कारण आकड्यांत मांडता न येणारी गोष्ट नियमपुस्तकात शिरू शकत नाही.

भक्तिसाहित्य शिकवताना मला दरवर्षी असे विद्यार्थी भेटतात ज्यांची कशावरच श्रद्धा नाही, आणि असेही, ज्यांना श्रद्धेविषयी प्रश्न विचारणेच गैर वाटते. दोघांनाही अभंग सारखाच बंद राहतो. पहिल्यांना मी आता सांगते की एक दैवत निवडा आणि तासभर त्याच्या उपासकाच्या भूमिकेतून बोला. खेळ एवढे नक्की शिकवतो की श्रद्धा नसतानाही श्रद्धेचे तर्कशास्त्र आतून जगून पाहता येते. दुसऱ्यांना सांगते की नियमपुस्तक बाजूला ठेवा आणि देव उत्तर देत नाही त्या जागी थांबून पाहा. पहिली वाट खेळातून जाते. दुसरी वाट जेथून सुरू होते, तेथे फासे उपयोगाचे नाहीत.