चार बोटं माया

आमच्या गावाकडं कपडा जुना व्हायचा, फाटायचा, आखूड व्हायचा. पण बाद व्हायचा नाही. 'हे आता बसत नाही, याचं काय करावं?' असा प्रश्न मायला कधी पडल्याचं मला आठवत नाही. थोरल्याला आखूड झालं की धाकट्याच्या अंगात. धाकट्यालाही बसंना की भावकीतल्या कुणाच्या तरी लेकराला. तिथं विरलं की वाकळंत. वाकळ विरली की तिचं पोतेरं. आणि पोतेऱ्याच्याही दशा झाल्या की सकाळी चूल पेटवायला. कपड्याचा रस्ता आधीच ठरलेला असायचा. मधी कुणी विचार करत बसायचं कारण नव्हतं.

आमचं गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. जमीन मुरमाड, पाऊस आला तर आला. बाजरी निघाली की घरात राहून पोट भरण्यासारखं काही उरत नसे. दसरा झाला की माय आणि आण्णा कोयता घेऊन साखर कारखान्याकडं निघायचे. बीड जिल्ह्यातली अर्धीअधिक गावं अशीच दसऱ्यानंतर ओस पडायची, अजूनही पडतात. गावात राहायची म्हातारी माणसं आणि त्यांच्या पदराला लेकरं. दिवाळी फडावर असायची, म्हणून आमची नवी कापडं दसऱ्यालाच यायची. मुकादमाकडून उचल मिळाली की त्यातून आधी देणं भागवायचं, मग किराणा, मग बैलाचा साज, आणि उरलंच तर कापड. चार लेकरांत दोघांपुरतं उरायचं.

ते कापड घेऊन माय शिंपीमामाकडं जायची. मामा फीत लावून माप घ्यायचे, पण मायला ते माप कधी पटलं नाही.

"लेकरू वाढतंय, भाऊ. दोन वर्सं चालंल आसं शिवा."

"माया किती ठिवू, वहिनी?"

"चार बोटं."

शिवणीच्या आत जे जादा कापड दाबून ठेवतात त्याला आमच्याकडं शिंपी माया म्हणतात. बगलेत माया, बाजूच्या शिवणीत माया, आणि खाली घेराला दुमडून चार बोटं माया. लेकरू वाढलं की टीप उसवायची आणि माया सोडायची. त्यामुळं नवा कपडा पहिल्या वर्षी कधीच अंगाला बसायचा नाही. बाह्या हाताच्या पंजावर यायच्या, स्कर्ट पोटरीच्या खाली लोंबायचा. दुसऱ्या वर्षी बरोबर बसायचा, पण तोवर रंग गेलेला असायचा. तिसऱ्या वर्षी माया सोडली की घेराला एक गडद रेघ दिसायची. दुमडीत लपलेल्या कापडाला ऊन लागलेलं नसायचं, म्हणून त्याचा मूळचा रंग तसाच असायचा. वर विटलेला निळा आणि खाली चार बोटं गडद निळा. शाळेत कुणाच्या स्कर्टावर किती रेघा आहेत ते बघून त्या घरात किती बहिणी आहेत ते सांगता यायचं.

आम्ही चौघं. थोरली अक्का, मग दादा, मग मी, आणि शेवटी धाकटा. नवं कापड अक्काला आणि दादाला. अक्काचं मला आणि दादाचं धाकट्याला. मला माझ्या मापाचं कापड कधी मिळालं नाही. माझ्या अंगावर जे यायचं त्याच्या बगलेत आधीच ठिगळ असायचं आणि कोपरावर अक्काच्या कोपराचा फुगवटा. दसऱ्याला अक्का नव्या झग्यात मिरवायची आणि मी तिच्या गेल्या सालच्या झग्यात तिच्या मागं मागं. मी रडले की आज्जी म्हणायची, "नव्या कापडाला खळीचा वास येतो बाई, जुन्याला माणसाचा येतो." तेव्हा ते मला खोटं वाटायचं.

अक्का पाचवीत गेली तेव्हा तिला गणवेश शिवला. पांढरा शर्ट, निळा स्कर्ट. जूनमध्ये शिवलेला, चार बोटं माया ठेवून. त्याच साली धाकटा सहा-सात महिन्यांचा होता. अंगावर पिणारं लेकरू आज्जीजवळ ठेवता येईना. माय ऊस तोडणार तर लेकरू कोण धरणार? दसरा झाल्यावर अक्का बैलगाडीत बसली. गणवेश घरातल्या पत्र्याच्या पेटीत गेला, वर कडुलिंबाचा पाला. 'पट्टा पडला की येऊन परीक्षा दे,' असं गुरुजींनी सांगितलं होतं. पट्टा पडायचा म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायचा. तो पाडव्याच्या पुढं गेला. परीक्षा राहिली. पुढच्या सालीही तसंच झालं. तिसऱ्या साली अक्काच्या हातात लेकराच्या जागी कोयता आला. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं, कारण उचल मिळते ती जोडप्याला. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात.

मी चौथीत होते तेव्हा मायनं पेटीतून तो गणवेश काढला. अक्काच्या अंगाला लावून बघितला. खांद्यात बसंना, कमरेला हुक लागंना. तो जेमतेम तीन-चार महिने वापरलेला, शर्टाची कॉलरसुद्धा मळलेली नव्हती. आणि चार बोटं माया तशीच आत, एक टाकाही उसवलेला नाही. मायनं तो मला घातला. मला तो ढगळ झाला. दुसऱ्या वर्षी बसला. सहावीत पहिल्यांदा माया सोडली, सातवीत उरलेली सोडली. अक्काच्या वाट्याची सगळी माया माझ्या अंगावर खर्च झाली.

मोठी झाल्यावर मला त्या घराचा हिशेब कळला. नवं कापड थोरलीला मिळायचं, पण शाळा धाकटीला मिळाली. थोरली आधी कामाला येते, म्हणून तिला आधी कापड. धाकटीची पाळी येईपर्यंत घर थोडं सावरलेलं असतं, म्हणून तिला शाळा. गावातल्या कितीतरी घरांत असंच झालंय. शिकलेली बहीण बहुतेक वेळा जुने कपडे घालून शिकलेली असते.

अंगाला न बसणारा कपडा मुद्दाम घालायची एक जागा होती, ती म्हणजे उसाचा फड. उसाच्या पाल्याला करवतीसारखी धार असते. उघड्या दंडावर, मानेवर ती ओरखडे काढते आणि घाम लागला की आग होते. म्हणून ऊसतोड बाया लुगड्यावरून नवऱ्याचा फुल बाह्यांचा जुना शर्ट चढवतात. आण्णांचा शर्ट मायला गुडघ्याकडं यायचा, खांदे खाली ओघळायचे. पण तो ढगळ होता म्हणूनच त्यात हात वर करून ऊस तोडता यायचा आणि मोळी डोक्यावर घेता यायची. मापाचा शर्ट पहिल्याच दिवशी बगलेत उसवला असता.

लेकरांचे कपडे आखूड व्हायचे, आणि मायचे ढगळ. दसऱ्याला शिवलेला झंपर पाडव्याला ती परत यायची तेव्हा दंडात सैल पडलेला असायचा. पहाटे उठून भाकरी, मग दिवसभर तोड, मग गाडी भरणं. सहा महिन्यांत अंगावरचं मांस झडायचं. आज्जी तिला दारात बघायची आणि काही न बोलता झंपराची बाही चिमटीत धरायची. किती बोटं सैल झाला तेवढं तिला कळायचं.

कारखान्याच्या भागातल्या बागायतदारांच्या बाया कधीकधी जुने कपडे द्यायच्या. चांगले असायचे, काहींवर तर इस्त्रीची घडी मोडलेली नसायची. माय नाही म्हणायची नाही, हात जोडून घ्यायची. पण गावी आल्यावर ते कपडे ती आमच्या अंगाला लावत नसे. बटणं काढून डब्यात टाकायची, नाड्या काढून ठेवायची आणि कापड वाकळंच्या मधल्या थरात घालायची. "दिलेलं घ्यावं," म्हणायची, "पण लेकराच्या अंगावर मागून आणलेलं दिसू नये."

वाकळा उन्हाळ्यात व्हायच्या. खाली एक जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर धोतराचे तुकडे, शर्टांच्या पाठी, झग्यांचे घेर, आणि वरून दुसरं लुगडं. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि चार बाया चार बाजूंनी धावदोरा घालत आत सरकायच्या. टाके घालताना प्रत्येक तुकड्याची ओळख निघायची: हा दादाच्या मुंजाळ चड्डीचा, हा आज्जाच्या धोतराचा. लुगड्याचा सगळ्यात मऊ भाग मात्र वाकळंत जायचा नाही. तो बाजूला फाडून ठेवायचा, बाळुत्यांसाठी आणि बायांच्या दर महिन्याच्या अडचणीसाठी. फडावर तो कपडा धुवायला पाणी नाही आणि उन्हात वाळवायला आडोसा नाही. पालाच्या आत ओलाच वाळायचा. त्यातून बायांना काय काय दुखणी लागली हे तेव्हा कुणी बोलत नव्हतं. बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येनं काढल्याचं उघड झालं आणि २०१९ साली राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त बायांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पेपरात तो आकडा वाचला तेव्हा मला मायनं फाडून ठेवलेल्या त्या मऊ कापडाची घडी आठवली.

आता मी बीडला राहते, शाळेत शिकवते. कपाटाचं दार लावताना गुडघा लावून दाबावं लागतं. लेकीचे आखूड झालेले ड्रेस, नवऱ्याच्या कमरेला न होणाऱ्या पँटी, माझे न बसणारे ब्लाऊज. जुना रस्ता बंद झालाय, त्याला कारणंही आहेत. सुती कापड गेलं. टेरीकॉट आलं, मग पॉलिस्टर आलं. त्याची वाकळ होत नाही, सुई घसरते आणि अंगाखाली घाम धरते. पोतेरं करावं तर पाणी शोषत नाही. पूर्वी गल्लीत भांडेवाली यायची, पाच-सहा कपड्यांवर एखादं पातेलं द्यायची. पँटीचं बूड आणि शर्टाची कॉलर उजेडात धरून बघायची. आता तीही क्वचित दिसते. हरियाणातल्या पानिपतला देशोदेशीचे जुने लोकरी कपडे येतात, त्यांचे धागे करून स्वस्तातल्या घोंगड्या विणतात, आणि दुष्काळात, पुरात वाटल्या जाणाऱ्या घोंगड्यांत त्याही असतात. म्हणजे वाकळ अजून होते, फक्त कुणाचा झगा कुणाच्या अंगावर आलाय ते सांगायला चार बाया नसतात.

लेकीचे ड्रेस मी बरीच वर्षं अक्काच्या नातीसाठी नेत होते. माझी लेक तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. धुऊन, बटणं तपासून, पिशवी भरून न्यायची. दोन सालांखाली अक्कानं पिशवी उघडली, एकेक ड्रेस मांडीवर पसरून बघितला आणि परत घडी घातली.

"लई चांगले हायेत गं. पण नगं आता."

"कामून?"

"तुव्हं काय न्हाई. पोरगी शानी झालीय. वर्गातल्या पोरी वळखतेत, मावशीआज्जीच्या लेकीचा हाय म्हणून." थोडं थांबून म्हणाली, "पाव्हण्याचे फुल बाह्यांचे शर्ट आसले तर ठिव. सूनबाईला फडावर लागतेत."

मायचं वाक्य अक्काच्या तोंडून वेगळ्या शब्दांत आलं होतं. तेव्हापासून आमच्या घरातले फुल बाह्यांचे शर्ट दसऱ्याला गावी जातात. ड्रेस जात नाहीत. त्यांचं काय करायचं ते शेजारपाजारी विचारून, घेणाऱ्याला हवं असेल तरच ठरवते. कपडा द्यायचा तर आधी घेणाऱ्याच्या अंगाचं आणि मनाचं माप घ्यावं लागतं.

अक्काची कंबर गेली, ती आता कारखान्याला जात नाही. मुलगा आणि सून जातात. गेल्या दसऱ्याला त्यांचं लेकरू वर्षाचं होतं आणि थोरली पोरगी सातवीत. मुलगा म्हणाला, हिला संगं नेतो, लेकरू धरील. अक्का उंबऱ्यात बसली होती, उठलीच नाही. "लेकरू मव्हंजवळ ठिवा. वरचं दूध पाजीन. पोरगी गाडीत बसायची न्हाई." सहा महिने कमरेला पट्टा बांधून तिनं ते लेकरू सांभाळलं. पोरगी सातवी पास झाली.

गावातली शाळा सातवीपर्यंतच. हायस्कूलचा गणवेश वेगळा, तो शिवायला या जूनमध्ये अक्का नातीला घेऊन बीडला आली. मी पैसे काढले तर तिनं माझा हात बाजूला केला आणि कमरेची पिशवी सोडली. दुकानातल्या पोरानं फीत लावली, आकडे लिहिले आणि म्हणाला, "अगदी फिटिंगमध्ये शिवतो, आज्जी. आता कुणी ढगळ घालत नाही."

"फिटिंग वरून कर," अक्का म्हणाली. "खाली माया ठिव."

"किती?"

अक्कानं टेबलावरच्या निळ्या कापडाच्या काठावर आपली चार बोटं आडवी ठेवली. कोयता धरून वाकडी झालेली बोटं, सरळ टेकंनात. दुसऱ्या हातानं तिनं ती दाबून धरली, पोरानं खडूनं रेघ मारेपर्यंत.

"दहावीपर्यंत पुरलं पायजे," म्हणाली.