मंडईच्या वाटेवरचा हौद

रविवारी सकाळी आठच्या आत मंडईत पोहोचले, की भाजी स्वस्त मिळो न मिळो, ताजी नक्की मिळते. बाहेर ऊन तापायला लागलेले असते, पण जुन्या दगडी इमारतीत, उंच छपराखाली, हवा खेळती आणि गार असते. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांवर ओले गोणपाट टाकून मावशी बसलेल्या असतात. "ताई, पाला म्हणजे लेकरासारखा, ऊन लागलं की मान टाकतो," असे त्यातल्या एकीने मला सांगितले होते. त्या दिवशी मात्र माझ्या यादीत भाजी शेवटी होती. मी आले होते आमच्या हौदातल्या माशांसाठी.

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या अंगणातल्या हौदातले सातही गोल्डफिश एका रात्रीत मेले. दोष माझाच. ईद जवळ आली म्हणून मी हौद पूर्ण रिकामा केला, ब्रशने घासून लख्ख केला, नळाच्या पाण्याने काठोकाठ भरला आणि मासे परत सोडले. सकाळी सगळे वर तरंगत होते. माझी धाकटी लेक बराच वेळ काठावर बसून राहिली. मग म्हणाली, "अम्मी, त्या बाईने मांजर कोंडलं, खायला दिलं नाही आणि सोडलंही नाही. आपणही मासे कोंडलेच होते ना?" ही हदीस मीच तिला शिकवली होती. माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्या सुट्टीत मुंबईला जाणे झाले. तिथल्या क्रॉफर्ड मार्केटचे आजचे नावही महात्मा जोतिबा फुले मंडईच. त्या मंडईजवळच जामा मशीद आहे, 1802 मध्ये पूर्ण झालेली. मशिदीचा तलाव तर मशिदीहूनही जुना, जिवंत झऱ्यांचा. वुजूसाठी पायऱ्या उतरून खाली गेले, की पाण्यात मासे दिसतात. कुणी ते पाणी घासून लख्ख करत नाही. पाणी हिरवट, खोल, सावलीचे. आणि मासे निवांत.

तिथे माझी चूक मला उमगली. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असते, ते माशांचे कल्ले जाळते. हौदाच्या भिंतीवरच्या बुळबुळीत थरात उपयोगी जिवाणू राहतात. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा विषारी अमोनिया तेच निकामी करतात. मी तो थरच खरवडून काढला होता. आपल्या डोळ्यांना जे स्वच्छ दिसते, ते माशांना मानवेलच असे नाही.

घरात आणखी एक शंका निघाली. हौदात मासा मेला तर पाणी नापाक होते का? हनफी फिकहनुसार पाण्यातच जगणारा मासा पाण्यात मेल्याने पाणी नापाक होत नाही. मशिदीचे मोठे हौज 'दह दर दह', म्हणजे दहा हात लांब व दहा हात रुंद, या मापाने बांधण्याची पद्धत त्याच पाकीच्या विचारातून आली. तरी मेलेला मासा लगेच काढावा. तो कुजला की उरलेल्यांनाही मारतो.

मराठीतला 'हौद' आणि उर्दूतला 'हौज' हा एकच अरबी शब्द आहे, हे मी वर्गात नेहमी सांगते. पुण्यात त्या शब्दाला वेगळेच मोल आहे. मंडईला ज्यांचे नाव आहे, त्या जोतिराव फुल्यांनी 1868 मध्ये गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. 1886 मध्ये सुरू झालेली ही मंडई तेव्हा 'रे मार्केट' होती. नगरपालिकेचे सभासद असताना फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे तिलाच त्यांचे नाव मिळाले.

यंदा आम्ही बेत नीट केला. मंडईतून चालत बोहरी आळीत गेले. तिथून हिरवी शेडनेट, बारीक भोकांची जाळी आणि सुतळी घेतली. शेडनेट निम्म्या हौदावर, कारण पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो. मासे पहाटे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर तो धोक्याचा इशारा समजावा. जाळी मांजर, खंड्या आणि ढोकरीसाठी; ती घट्ट ताणून बांधावी, सैल जाळीत पक्षीच अडकतो. तळाशी मातीच्या फुटक्या कुंड्या आडव्या ठेवल्या, म्हणजे माशांना दडायला जागा. पाणी निदान दोन फूट खोल असावे आणि काठापासून वीतभर खाली. पावसाळ्यात हौद भरून वाहिला तर मासेही वाहून जातात. म्हणून जादा पाण्याच्या वाटेलाही जाळी हवी.

पाणी आता आठवड्याला फक्त चौथा हिस्सा बदलतो. नवे पाणी आदल्या दिवशी उघड्या घमेल्यांत ठेवतो, शिवाय माशांच्या दुकानात मिळणारे क्लोरीन मारण्याचे थेंब टाकतो. काढलेले पाणी मोगऱ्याला जाते, इस्राफ नको. खाणे दोन मिनिटांत संपेल एवढेच. पाव आणि चुरमुरे बंद. नवा मासा आणला की पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवायची आणि त्याला आधी दोन आठवडे वेगळ्या टपात ठेवायचे, म्हणजे रोग पसरत नाही. डासांच्या अळ्या मासेच खातात, त्यामुळे डेंग्यूची धास्तीही कमी. आणि कंटाळा आला म्हणून मासे मुठेत किंवा तलावात सोडायचे नाहीत. परके मासे तिथल्या माशांच्या जिवावर उठतात. ती दया नव्हे.

परतताना मेथीच्या मावशींकडे थांबले. त्यांनी जाळीचे भेंडोळे पाहून विचारले, "मासे पकडायला काय?"

"नाही मावशी, राखायला."

त्या हसल्या आणि एक जुने गोणपाट माझ्या पिशवीत कोंबले. "उन्हात घमेल्यावर टाक. भिजवून."

या वर्षी हौदात चारच मासे आहेत. नदीतला मासा पाणी तापले तर खोल जाईल, आटले तर पुढे सरकेल. हौदातल्याला ती वाट आपण बंद केलेली असते. मग त्याची सावली, हवा, पाणी सगळे आपल्या जिम्मेदारीवर. तो जीव आपल्याकडे अमानत आहे. प्रेषितांनी (स.) तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याच्या माफीची गोष्टही सांगितली आहे. आता लेक फज्रनंतर आधी हौदाकडे जाते, मासे मोजते आणि मला आत येऊन सांगते, "चारही आहेत, अम्मी."