तारणाविना तह

बुद्धिबळात बोलण्याची गरज नसते. ‘डिप्लोमसी’ नावाच्या पटावर मात्र सात जण बसतात आणि बोलल्यावाचून कोणाचेच काही चालत नाही. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपीय राजकारणाच्या अभ्यासातून अमेरिकेतील ॲलन कॅलहॅमर यांनी १९५४ साली हा खेळ रचला आणि १९५९ मध्ये स्वखर्चाने त्याचे ५०० संच काढले. पुढे ते टपालवाटपाची नोकरी करीत, हे मला विशेष वाटते.

पटावर १९०१ सालचा युरोप असतो. फासा नाही, पत्ते नाहीत. दैवाला दोष देण्याची सोयच नाही. सर्व सैन्यांचे बळ सारखे. समोरच्याला हटवायचे तर पाठीशी आणखी एक सैन्य लागते. आरंभी रशियाजवळ चार आणि इतरांजवळ तीनच सैन्ये असतात, म्हणून ते बळ शेजाऱ्याकडून उसने घ्यावे लागते. ३४ केंद्रांपैकी १८ मिळवणारा विजयी. आधी वाटाघाटी होतात, मग प्रत्येकजण आपले हुकूम गुप्तपणे लिहितो आणि सर्वांचे कागद एकाच वेळी उघडतात. दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, असा नियम नाही.

आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासलेल्या माणसाला हे वाक्य खटकणारच. बँकेत तारण असे, जामीनदार असे. येथे केवळ पत.

गेल्या दिवाळीत नातू आणि त्याचे मित्र आमच्या दिवाणखान्यात हा पट मांडून बसले होते. ‘खोटे बोलायला शिकवणारा खेळ घरात कशाला?’ असे सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न रास्त होता. मी पाहत राहिलो. काळ्या समुद्रात कोणीही आरमार आणायचे नाही, असे रशिया आणि तुर्कस्तान यांचे ठरले. कागद उघडले तेव्हा रशियाचे आरमार नेमके तेथेच उतरले होते. दोन वर्षांत तुर्कस्तान पटावरून नाहीसे झाले. नातू तुर्कस्तान होता. तासभर तो कोणाशी बोलला नाही.

ऑस्ट्रियाच्या बाजूने खेळणारी मुलगी मला अधिक पोक्त वाटली. जमणार नसेल तर ती तोंडावर सांगे, ‘या हंगामात नाही.’ त्यामुळे तिच्या होकाराला किंमत होती. शेठजींच्या पेढीवरही नकार असाच स्पष्ट मिळत असे आणि माणूस न दुखावता दुसरीकडे जाई.

सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकून मुले पुन्हा बसली. आता रशियाला जर्मनीविरुद्ध साहाय्य हवे होते. त्याने ऑस्ट्रियाकडे लेखी करार मागितला.

‘लिहून दिले तरी बंधन कुठे आहे?’ ती म्हणाली.

अखेरीस बरोबरीचा प्रस्ताव आला. त्याला पटावर उरलेल्या सर्वांची संमती लागते. रशियाची संमती सर्वांत शेवटी आली. तोवर नातू बाद होऊनही केंद्रांचा हिशेब चोख ठेवीत बसला होता.